पेरू, साठ रुपये किलो

मंडईत हातगाडीवाला ओरडत होता
पेरू, पेरू, साठ रुपये किलो,
आणि रोसाउरा जागच्या जागी थांबली.
कुणीतरी तिच्या देशाला
तागडीत घालून तोलत होतं,
वर विचारत होतं, मीठ-तिखट लावून देऊ का.

हे तिनंच मला सांगितलं,
डहाणूकर कॉलनीच्या मागच्या गल्लीत,
जिथं आधी झेरॉक्सचं दुकान होतं
आणि आता सहा टेबलं आहेत.
सातवं डुगडुगतं, ते माझं.

मी टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली बाई.
आयुष्यभर लोकांना लोक जोडून दिले,
ते काय बोलतात हे ऐकायचं नाही, असा नियम होता.
साठीला स्पॅनिश शिकायला बसले
ते बहुतेक त्यामुळेच.
लेक म्हणाला, आई, आधी गुडघ्यांचं बघ.

आत वेल्ह्याचा हणमंत शेडगे.
मासा लिंबात शिजतो, विस्तवाशिवाय,
यावर त्यानं तीन आठवडे विश्वास ठेवला नाही.
मग एक दिवस स्वतःच फळ्यावर लिहिलं: सेविचे.
एका काकांनी विचारलं,
शेव वेगळी देणार की वरून घालून?

गुरुवारी ताटं उचलली की वाचन.
रोसाउराचे वडील डोंगरातल्या शाळेत मास्तर.
हजेरीपटाच्या पाठकोऱ्या कागदांवर कविता लिहायचे,
ऐंशी प्रती काढल्या, एक तिच्यासोबत आली
स्वेटरमध्ये गुंडाळून.
आठवड्याला एक, अशी मी मराठीत आणते.
पेन्सिलीनं. खोडता यावं म्हणून.

एका कवितेत अकरा जातींचे बटाटे आहेत, नावानिशी.
आपल्याकडे शब्द एकच,
तोही गलबतातून उतरलेला,
आणि आता उपासाला चालतो इतका घरचा.
त्या अकरांत एकाचं नाव, सुनेला रडवणारा:
इतका गाठाळ, की सोलताना सून रडते.
कोपऱ्यातून पेंडसेबाई म्हणाल्या,
आमच्या सासूबाईंना कळलं असतं
तर पोतंच आणलं असतं त्यांनी.

शेवटच्या कवितेला मात्र अडले.
पापा म्हणजे बटाटा.
तोच शब्द, शेवटच्या अक्षरावर बारीकशी रेघ,
की बाप.
जुन्या छपाईत रेघ उमटलीय की नाही,
भिंगातूनही कळेना.
ओळ एवढीच: आज, पापा मातीत.
पेरला की पुरला?
रोसाउरालाही ठाऊक नव्हतं.
मी लहान होते, म्हणाली,
आजोबा गेले ते लावणीच्याच दिवसांत.

पंधरा दिवस पेन्सिल चावली.
शेवटी शब्द होता तसाच ठेवला
आणि गुरुवारी वाचलं,
आज, पापा मातीत.

काउंटरखाली हणमंताची धाकटी
पाढे लिहीत बसलेली.
मान वर न करता म्हणाली,
मातीला पापा दिला?

काय म्हणाली ती, रोसाउरानं विचारलं.
मी सांगितलं.
ती उठून आत गेली.
बराच वेळ नळ चालू होता,
हणमंत उगाच तेच भांडं पुसत राहिला.

बाहेर आली ती बशी घेऊन,
पेरूच्या फोडी, मीठ-तिखट लावलेल्या.
बिया दातांत अडकतात हो, पेंडसेबाई म्हणाल्या,
आणि दोन उचलल्या.