ओळख पटली

फॉर्मवर तीन प्रश्न होते.
मूल पहिल्यांदा कोणती भाषा बोललं.
घरात मोठी माणसं कोणती बोलतात.
मूल आता बहुतेक वेळा कोणती बोलतं.
हेमंत म्हणाला होता, तिन्हीकडे इंग्रजी लिही,
नाहीतर वेगळ्या वर्गात बसवतील.
डे मॉईनमध्ये त्या सकाळी उणे अठरा,
पर्समधलं पेन गोठलेलं.
तळहातावर घासून घासून मी लिहिलं:
मराठी. मराठी.
तिसऱ्या रकान्यात थांबले.
निनाद आता बहुतेक वेळा
बोलतच नव्हता.

सेक्रेटरीबाईंनी यादीत शोधलं.
सापडली, मलय आणि मार्शलीजच्या मधे,
बाकावर जरा सरका म्हणून बसल्यासारखी.

तीस दिवसांच्या आत पत्र आलं, कायद्यात आहे तसं,
आणि आईबापांना कळेल अशा भाषेत, तेही कायद्यात आहे.
कुठल्याशा यंत्राचं मराठी:
"आपल्या मुलाची ओळख पटली आहे."
मी जिन्यातच बसले.
आमच्या सांगलीत ओळख पटते ती
नदीतून काढलेल्याची,
पेपरात, आतल्या पानावर, शर्टाच्या रंगावरून.
पुढच्या ओळीत जीव होता:
"इंग्रजी शिकाऊ म्हणून."
आणि खाली बारीक अक्षरात,
"सेवा नाकारण्याचा आपणास हक्क आहे.
नाकारली तरी दरवर्षी परीक्षा होईल."
हेमंत म्हणाला, नाकार.
मी पत्र फ्रिजला लावलं
आणि सही करायची विसरले, असं म्हणत राहिले.

मिस हॉलिंगर. उंच, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या,
तरी मुलांच्या खुर्चीतच बसायच्या.
रोज चाळीस मिनिटं, लायब्ररीमागची खोली,
निनाद, पॉ थू नावाची करेन मुलगी,
सुदानचे दोन भाऊ, एकसारख्या जॅकेटांत.
मी विचारलं, कधी बोलेल हा?
गप्प राहणं हाही टप्पा आहे, त्या म्हणाल्या,
त्याला आजार म्हणायचं नाही.
आणि घरी मराठीच बोला. भरपूर. भांडणंसुद्धा.
सांगली सोडल्यापासून
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

खोलीभर चिठ्ठ्या होत्या, ज्याच्या त्याच्या घरच्या शब्दांच्या.
मी लिहून दिलं: दार. खिडकी. फळा.
प्लास्टिकच्या टोपलीतली केळी.
मार्चमध्ये एका दुपारी त्या उभ्या राहून म्हणाल्या, फला.
पुन्हा, जीभ कुठेतरी वळवून, फला.
आणि निनाद, अडीच महिने ओठ शिवलेला,
वैतागून म्हणाला,
"ला नाही. ळा. फळा."
पॉ थू म्हणाली, ळा.
सुदानचे भाऊ म्हणाले, ळा, ळा,
आणि म्हणे असा गोंधळ झाला
की लायब्ररीवाल्या बाई दार लावून घ्यायला आल्या.
त्या दिवशी वहीत काय नोंद झाली असेल?
बोलणे या रकान्यात?
शब्द इंग्रजी नव्हता.
मोजला की नाही, कोण जाणे.

चौथीत दुसरं पत्र आलं.
निनाद कार्यक्रमातून बाहेर पडण्यास पात्र.
पुढची दोन वर्षं शाळा त्याच्या इंग्रजीवर लक्ष ठेवील.
हे पत्र इंग्रजीत. आम्हाला कळेल असं त्यांनी धरलं,
आणि कळलं.
हेमंतने डोनट आणले.

काल सुपरमार्केटात निनाद म्हणाला, आई, केली घे.
काय केली, मी म्हटलं, कुणी केली?
कपाळाला आठ्या. "द बनानाज."
फळांच्या ढिगापलीकडून कुणी काठी टेकत आलं.
मिस हॉलिंगर, निवृत्त, केस सगळे पांढरे.
घड उचलून, जीभ टाळ्यापर्यंत नेऊन,
वाट बघत, मग:
केळी.
जवळजवळ बरोबर.
निनादचे कान लाल झाले,
तो खाली बसून बुटाची नाडी बांधत राहिला,
बांधलेलीच होती.
मी दोन घड घेतले.
एक जरा जास्तच पिकलेला.