दुसरा हात

आमच्या विहिरीचं पाणी चैत्र सरला की मचूळ होतं,
आणि मचूळ पाण्याला साबण ओळख देत नाही.
ब्रश कितीही घोटा,
ताकाच्या निवळीसारखं काहीतरी पातळ येतं,
गालापर्यंत पोचायच्या आत विरतं.

म्हणून शनिवारी मी कळशी घेऊन
केळुसकरांच्या विहिरीवर जातो.
केळुसकरीण विचारते, कोण पाहुणे येतायत?
कोणी नाही, म्हणतो, दाढी आहे.
ती हसते. हसू दे.
बावीस वर्षं बोटीच्या इंजिनाला तेल घातलं मी,
तेव्हा दाढी म्हणजे एक घरघरणारं यंत्र,
आज कुठलं बंदर हे विचारायच्या आधी
अर्धवट झोपेत उरकलेली.

आता देवबागेत,
खाडी आणि दर्या यांच्या मधल्या या वाळूच्या पट्टीवर
मला कुठेच जायचं नाही.
पोफळीच्या खांबाला आरसा. बंबातलं पाणी.
ब्रश आधी भिजत घालायचा, चवळी घालतो तसा, विसरून जायचं.
साबण घासून गुळगुळीत केलेल्या करवंटीत.
ब्रश फिरतो, फिरतो,
आधी नुसते बुडबुडे, मग एकदम
शहाळ्यातल्या कोवळ्या खोबऱ्यासारखं दाट काही हाताला लागतं
आणि मी, साठी ओलांडलेला माणूस,
उगाचच खूश होतो.

पितळेचं रेझर. वरचा मुलामा केव्हाच गेला.
पात्याला खारी हवा दोन दिवसांत खाते,
म्हणून ते खोबरेलात बुडवून डबीत.
हे पावलूनं शिकवलं. बाकीचंही त्यानंच.
पावलू होड्या बांधायचा. रंधा मारताना म्हणायचा,
'दाबू नको. लाकूड आपणच सांगता खंयसून जावचां ता.'
माझ्या हनुवटीखाली डाव्या अंगाला
केसांचा एक भोवरा आहे, फणसाच्या फळीत गाठ असते तसा.
तिथे तीनदा कापून घेतलं, तेव्हा त्यानं बोटानं रेषा काढून दाखवली.
पहिला हात रेषेबरोबर.
दुसरा उलटा, पण पुन्हा फेस लावून,
आणि श्वास सोडताना.

आवाज ऐका कधीतरी.
लांब कुठेतरी वाळूवरून
कोणी होडी ओढतंय, असा येतो.

आता पावलूचा हात नाचतो.
कपातला चहा बशीत, बशीतला लुंगीवर.
शनिवारी संध्याकाळी तो वर्तमानपत्रात गुंडाळलेला
स्वतःचा साबण घेऊन येतो
(माझ्याला वास नाही म्हणतो),
बाकड्यावर बसतो, मान मागे टाकतो
आणि डोळे मिटतो, जणू आता सगळं माझ्यावर.
त्याची कातडी सैल, अंगठ्यानं ताणून धरावी लागते.
गळ्याशी शीर उडते, तिथे मी बोलत नाही.
तोही नाही, हे मोठंच.

'दुसरो हात मार.'
'पुरे की. उद्या पाद्री गाल बघूक येतलो?'
'पाद्री नाय. शेजारच्या बाकार मार्गारेट बसता.'

मारतो. उलट्या रेषेनं, कानापासून खाली नाही,
खालून कानाकडे, तसूतसूनं.
तुरटी फिरवतो. तो 'हाय' म्हणत नाही, नुसता पाय हलवतो.
मग उठतो. खांबाचा आधार घेतो,
आरशात बघत नाही. स्वतःच्या गालाला हात लावत नाही.
तो थरथरणारा हात माझ्याच गालावर ठेवतो,
सकाळी मी एवढी निगुतीनं केलेली दाढी
बोटांनी चाचपत जातो, फळी तपासावी तशी,
कानाच्या पाळीखाली थांबतो.
तिथे हात थरथरत नाही.

'हयसर रवली मरे.'

कळशीत तळाला पाणी आहे अजून.
मी बंबाकडे जातो.