पाचवा रकाना

चरईतल्या दोन खोल्या, एकतीस काठ्या.
तेलाच्या रिकाम्या पिंपात माना वर करून उभ्या,
कुणी हजेरी घ्यायला येणार असल्यासारख्या.

वहीत रकाने आखलेत:
लाकूड, मूठ, शेंबी, कुणाकडून,
आणि पाचवा, ऐतिहासिक महत्त्व.
तिथं मी बहुतेक ‘शक्य’ एवढंच लिहितो.

नंबर चार गुप्ती.
ओढलं तर पातं नाही, मूठच हातात येते.

नंबर चौदा शिसवी, चांदीच्या मुठीची,
टेंभी नाक्यावरच्या पेणकरांकडून.
पहिली आगगाडी ठाण्याला आली
तेव्हा ही गर्दीत उभी होती म्हणे.
म्हणे.
भिंगातून मुठीवर एक अक्षर दिसतं,
नाहीतर ओरखडा.
शेंबी मात्र डावीकडूनच झिजलेली.
कुणीतरी लंगडत होतं, एवढं पक्कं.

विकल्यावरही एलायजा पेणकर दर गुरुवारी यायचे.
“जरा फिरवून आणतो तिला.”
मासुंदा तलावाला एक चक्कर, की परत पिंपात.
मी नोंद करायचो: गेली पाच दहा, आली सहा.
चहा पिताना ते तिच्याकडे बघत नसत.

मग तीन गुरुवार कोरे गेले.
चौथ्याला त्यांची सून आली, खाली रिक्षा थांबवून,
हातात ॲल्युमिनियमचा वॉकर.
“पप्पा म्हणाले होते, हासुद्धा तुमच्याकडेच द्या.”
पैसे विचारले तर ती जिना उतरूही लागली होती.

पिंपात तो मावेना.
दाराशी ठेवला, उलटा करून पाहिला.
चार रबरी बूट. पुढचा डावा
पार पत्र्यापर्यंत गेलेला.

नंबर बत्तीस.
चार रकाने भरले.
पाचव्यात पेन टेकवलं
आणि शाईचा ठिपका
पसरू दिला.