कॅरियर

शाळेतून चिठ्ठी आली :
शाल्मली मैदानावर लवकर दमते.
घरी थोडं खेळायला सांगावं.

मग सांगितलंच की.
सोफ्यावरनं सांगितलं, जेवताना सांगितलं,
मोबाईलवर अंगठा फिरवत फिरवत
'जा की गं जरा बाहेर'
दिवसातनं पाच-सहा वेळा तरी.
तिनंही ऐकलं,
उजवा पाय दुमडून बुडाखाली घेऊन
डावा गुडघा हलवत.
अशीच बसते ती.
असाच बसतो मी.
हे मात्र कधी सांगितलं नव्हतं तिला.

उद्यमनगरात दिवसभर मशीन फिरतं,
मी खुर्चीत असतो.
कोपऱ्यावरनं पाव आणायचा
तरी मोपेडची किल्ली शोधतो,
आणि किल्ली शोधायला
शाल्मलीला उठवतो.
तेवढीच तिची हालचाल.

अण्णा वडणग्याहून दूध घालायला यायचे,
सायकलला दोन्हीकडं किटल्या,
शिवाजी पुलावर अजून दिवे असायचे.
'व्यायाम' हा शब्द त्यांच्या तोंडून
मी ऐकल्याचं आठवत नाही.
'पळ' असंही ते म्हणाले नाहीत कधी.
सुट्टीत मी मागनं पळायचो,
किटल्यांच्या आवाजामागं,
कारण आवाज पुढं चालला होता
आणि मागं नुसता अंधार, उसाचा.
दम लागायचा का?
लागत असणार.
लक्षात राहिलाय तो आवाज.

शाल्मलीला सायकल घेतली मागच्या दिवाळीत.
पंधरा दिवस चालली.
मग हँडलवर टॉवेल वाळायला लागले,
सीटवर माझी बनियन.

परवा वैजूनं टॉवेल काढले.
म्हणाली, 'मी शिकतो.'
(आमच्याकडं बायका 'शिकतो'च म्हणतात,
आणि म्हणाल्या की शिकतात.)
वय एक्केचाळीस, गुडघ्याला पट्टा,
ओढणी कमरेला गच्च आवळलेली.
मला हसू आलं.
शाल्मलीकडं बघितलं, तीही हसेल म्हणून.
ती म्हणाली,
'कॅरियर मी धरतो.'

हा 'धरतो' तिला कुणी शिकवला?
शाळेत तर 'धरते' लिहून घेतात.

विद्यापीठाच्या मागच्या रस्त्याला
सकाळी साडेसहाला आमची वरात :
पुढं वैजू, नागमोडी,
'सोडू नको हं, सोडू नको,'
मागं शाल्मली, कॅरियरला दोन्ही हात,
'न्हाई सोडत, पुढं बघ की गं आई!'
त्यांच्या मागं मी
मोपेडवर, पाण्याची बाटली घेऊन.

एकदा वैजू बाभळीत गेली.
कोपर खरचटलं. उठली.
शाल्मलीनं काटा काढला,
आपल्या हातावरची माती
माझ्या शर्टाला पुसली,
आणि परत कॅरियर.

मी मनात खांब मोजत होतो.
तिसऱ्या खांबाला दमणार ही.
चौथ्याला तर नक्कीच.
सहाव्या खांबाशी सायकल सरळ झाली,
वैजूचं बोलणं बंद पडलं,
आणि मला दिसलं,
शाल्मलीचे दोन्ही हात मोकळे आहेत.

कधी सोडले होते कोण जाणे.
सोडून झालं होतं, काम संपलं होतं,
तरी ती पळतच होती,
आईच्या शेजारनं, वेणी सुटलेली,
कुणी न सांगता.

मी मोपेड स्टँडला लावली.
पायात बाथरूमच्या स्लिपर.
तरी पळालो, खोटं कशाला बोलू,
अडीच खांब.
मग छातीत भाता सुरू झाला,
एक स्लिपर मागं राहिली.

रस्त्याकडंच्या कठड्यावर टेकलो.
बसल्या बसल्या उजवा पाय
आपोआप वर यायला लागला, दुमडायला.
लांब वळणावर दोघी परत फिरल्या होत्या,
एक चाकावर, एक पायांवर.
शाल्मली माझ्याकडंच बघत येत होती.

पाय खाली सोडला.
स्लिपर आणायला उठलो.