दोनशे अठ्ठ्याऐंशी

पराते टेबलावर दोन कॅमशाफ्ट ठेवतात,
मधे तर्री सांडलेली बशी.
"हा दोनशे चौसष्टचा. ह्याच्यावर घरच्यायले घेऊन
रामटेकले जाता येते, एसी लावून.
आन हा दोनशे अठ्ठ्याऐंशी."
पुढे काही बोलत नाहीत.
नुसता अंगठा फिरवतात लोबवरून,
थान उलगडून पोत पाहावा तसा.

तांडापेठेतली टिनाची शेड. मे महिना, रात्रीचा एक.
कूलरचं पाणी कधीच संपलंय.
इथे आधी चार माग होते.
"मागालेही क्यामच असते जी.
कोणता धागा वर, कोणता खाली, किती वेळ,
सारं तेच ठरवते.
माग गेले भंगारात. हात रायले."

मग ते विचारतात, जे कॅटलॉगात कुठे नसतं:
"तुमचं रोजचं जगणं किती आरपीएमचं?"

मी सेशन कोर्टात लघुलेखक.
मिनिटाला एकशे वीस शब्द, एकही माझा नाही.
घर मानेवाड्यात. सकाळी मेडिकल चौक,
पहिला गियर, दुसरा, पुन्हा पहिला.
खरं उत्तर अठराशे. फार तर बावीसशे.
मी म्हणते, "पाच हजाराच्या वर."

शपथेवर खोटं बोलणारे मी रोज ऐकते.
उत्तराआधी पाणी मागतात.
मी म्हणते, "पराते, जरा पाणी असेल का?"

एस्टीम सत्त्याण्णवची,
खापरखेड्याच्या एका रिटायर वेकोलि साहेबांची.
त्यांनी डॅशबोर्डवर चिकटवलेला गणपती अजून तसाच,
बॉनेटखालून हेड उतरतंय ते पाहत.

"व्हॉल्व्ह आन पिस्टनची गाठ पडली नाई पायजे."
म्हणून पिस्टनच्या माथ्यावर भाच्याची हिरवी क्ले, तेलाचं बोट.
हेड बसवायचं. पाना लावून क्रँक हाताने,
दोन पूर्ण फेरे, कुठे अडलं तर तिथेच थांबायचं.
हेड पुन्हा वर.
क्लेत उमटलेली चंद्रकोर ते ब्लेडने कापतात,
वर्निअर लावतात: एक पूर्णांक नऊ.
चार नखांच्या जाडीएवढी जागा.
"पुरते," पराते म्हणतात. मला घाम फुटतो.

ह्या क्यामची खोड अशी,
की जळाल्या धुराचं दार मिटत नाही
तोच ताज्या हवेचं दार उघडतं.
हळू चालीत दोघांची उंबऱ्यावरच रेटारेटी,
शिळं ताज्यात शिरतं, इंजिन ठेचकाळतं.
पण वेग आला की जाणारा
येणाऱ्याचं मनगट धरून त्याला आत ओढतो.
हे मी स्प्रिंगांच्या बिलामागे लघुलिपीत उतरवून घेतलं.
अजून वाचलेलं नाही.

लोबांना काळी पेस्ट. बेल्टच्या खुणा जुळल्या,
तरी त्यांनी पुन्हा जुळवल्या.
"आता वीस मिनिटं दोन हजारावर. पाय हलला नाई पायजे."
शेजारच्या गच्चीवरून कोणी ओरडलं,
"काय बे, झोपू देता का नाई?"
"पंधरा मिनिटं, काकू!"
मग पाय काढला.
गाडी उभ्या उभ्या लंगडली,
सावरली, लंगडली,
आणि बंद पडली नाही.
पराते हसले. पानाचा लाल दात दिसला.

पहाटे आउटर रिंग रोड.
तीन हजारापर्यंत काहीच नाही,
साहेबांच्या वेळेपेक्षाही मेलेली.
चार. चार हजार दोनशे.
मग रस्ता आखूड झाला.
इतकंच सांगता येतं, बाकी टिपायला हात मोकळा नव्हता.

सोमवार, मेडिकल चौक.
ब्रेकचं पेडल कडक, आरसा थरथरतोय,
मागची प्रत्येक गाडी त्यात दोनदा.
ऑटोवाला वाकतो: "मॅडम, मिसफायर मारून राहिली.
प्लग दाखवून घ्या."
"हो दादा, दाखवते."
ह्या वेळी पाणी लागत नाही.

सिग्नल सुटतो.
गाडी बंद पडते.