बारा पंचवीस

नदाफच्या गोणीत आलं ते,
एक तुटकी शिलाई मशीन आणि दोन नळ यांच्यामध्ये,
किलोच्या भावानं.
मुंबईला बोट फोडली, तिच्यातलं म्हणे.
नावाच्या जागी नुसतं ‘लंडन’ उरलेलं,
आधीची अक्षरं कुणाच्या तरी अंगठ्यानं खाल्लेली.

नायनानं लेथ बंद केला, हात पुसले.
पितळेची तिकोनी चौकट, आत जाळी,
वजनाला हलकी, पण वाकायचं नाव नको.
खाली कमान. कमानीत चांदीची पट्टी बसवलेली,
पट्टीवर रेघा इतक्या बारीक
की त्यानं कापडाचे धागे मोजायचं भिंग काढलं.
कमान साठ अंशांची, आकडे मात्र एकशेवीसपर्यंत.
दोन दिवस त्याला वाटलं, इंग्रज चुकला.
तिसऱ्या दिवशी जेवता जेवता थांबला:
आरसा एक घर फिरला
की उजेड दोन घरं फिरतो.
घास तसाच हातात.

बारीक स्क्रू नव्हता. मागाच्या जुन्या बुशमधून कातला,
चार वेळा. तीन अजून खिळ्यांच्या डब्यात आहेत.
पुढची काच अर्धी आरसा, अर्धी मोकळी.
मोकळ्या अर्ध्यातून क्षितिज बघायचं,
आरशाच्या अर्ध्यात सूर्य खाली उतरवायचा
आणि टेकवायचा.

क्षितिज कुठून आणणार अशोक चौकात?
समोर येमूलचा कारखाना, त्यावर पाण्याच्या टाक्या.
म्हणून परात. परातीत करडईचं तेल.
अम्मा म्हणाली, महिन्याचं आहे, सांडू नका.

पण भिंतीपलीकडे बावीस यंत्रमाग.
खटक् खटक्, तेलावर काटा येई
आणि सूर्य चिल्लरीसारखा फुटे.
नायना मालकाकडे गेला: दहा मिनिटं फक्त.
मालक हसला. "गुर्रम, जहाज कुठं लावणार?
कंबर तलावात?"

बावीस डिसेंबरला राजेशमनं
कुणाला न सांगता मेनचा फ्यूज उपसून
खिशात टाकला.

गल्ली इतकी गप्प मी पहिल्यांदाच ऐकली.
तेल थांबलं.
दोन सूर्य, एक लाल काचेतला, एक हिरव्या,
सरकत सरकत एकमेकांवर बसले.
"चूडु," म्हणाला, आणि भिंग माझ्या हातात दिलं.
सत्त्याण्णव अंश, पन्नास कला.
घड्याळात बारा पंचवीस. सोलापूरची मध्यान्ह
रेडिओच्या बारानंतर इतक्या उशिरानं येते
हे तोवर मला कुणी सांगितलं नव्हतं.

चादरीच्या लेबलामागे हिशेब:
अर्धे केले. ते नव्वदातून वजा.
सूर्याची क्रांती पंचांगातून
(पंचांग तर ह्याच गावात छापतात),
दक्षिण तेवीस, सव्वीस. तीही वजा.
उरले सतरा अंश, एकोणचाळीस कला.

करीमनगरहून आलेला माणूस, खोली भाड्याची.
आजवर त्याच्या पत्त्यात
‘यांच्या मागे’, ‘त्यांच्या शेजारी’ असंच असायचं.
लेबल त्यानं बराच वेळ धरून ठेवलं.

पलीकडे फ्यूज बसला.
परातीत सूर्य पुन्हा फुटला.
अम्मानं तेल फडक्यातून गाळलं,
एक माशी निघाली,
बाकीचं बरणीत.