कारण : इतर

कार्बन नाक्यावर, झेरॉक्सच्या दुकानाला चिकटून
माझं टेबल. वर पाटी : पत्ता बदलून मिळेल.
पेंटरनं ‘बदलून’मधला ‘द’ जरा बारकाच काढलाय.
अकरा वर्षं लोकांचे पत्ते बदलते मी.
माझा तोच आहे. अशोकनगर, शेवटची गल्ली,
पाण्याच्या टाकीमागे.

अर्जात एक रकाना असतो : स्थलांतराचं कारण.
बाण दाबला की खाली चार शब्द लोंबतात,
नोकरी, शिक्षण, विवाह, इतर.

बिंदेश्वर साहनी, दरभंग्याकडचा, अंबडला लेथवर.
म्हणाला, तिथं बारा तासांचे तीनशे,
इथं आठाचे साडेसहाशे.
हिशोब आहे ताई, कारण कसलं?
मधे एकदा दगड पडले, तेव्हा गेला होता परत,
सगळी खोलीच गेली होती, नाशिकरोडला फलाटावर
दोन रात्री काढून.
आठ दिवस लेथ मुके.
नवव्या दिवशी मालकाचाच फोन,
तिकिटाचे पैसे धाडतो, या.
मग परत का आलास, मी विचारलं.
तो पडद्याकडं बघत राहिला,
जसं काही उत्तर मीच टाइप करणार होते.

मेमचा, गंगापूर रोडच्या दवाखान्यात नर्स.
जुन्या पत्त्याचा पुरावा?
तिनं मोबाइल पुढं केला :
कमरेपर्यंत काळी भिंत, वाकलेला पत्रा,
आणि एक लिंबाचं झाड, कसं कोण जाणे, हिरवं.
फोटो चालत नाही, पीडीएफ लागतं,
मी म्हणाले. हो, असंच म्हणाले.
नंतर पन्नास रुपये घेतले नाहीत.
तिनं ते पेपरवेटखाली ठेवले, बरोबर मधोमध,
आणि निघून गेली.

महारू भोये आले सुरगाण्याच्या पार टोकाहून,
पहाटेची एसटी धरून.
आम्हाला जायचं नाही कुठंच, म्हणाले.
घर तिथंच, मोह तिथंच, कोरडी विहीर तिथंच.
नाल्यापल्याड त्यांचा डांबरी रस्ता,
नळाला पाणी, दवाखान्यात चक्क डॉक्टर.
बाई, तुमच्या कॉम्प्युटरात
ती रेघ तेवढी अलीकडं घेता येल का?
मी हसले.
ते हसले नाहीत.

आता प्रल्हादची कंपनी चाललीय गुजरातला.
जमीन स्वस्त, वीज स्वस्त, करात सूट,
आणि कुणाचं तरी कुणाशी बोलणं झालेलं.
निळ्या ताडपत्रीत गुंडाळून
मोठी प्रेस सावळघाट उतरली.
तिला नाही विचारलं कोणी, तू कुठली,
किती पिढ्यांची, भाषा येते का इथली.
मालक इथंच राहणार, कॉलेज रोडला.
माणसं मात्र यायची तर या, म्हणाले.

वीस वर्षं बिंदेश्वरला ‘तुमच्याकडचे लोक’ म्हणणारा
माझा नवरा रात्री आकडे घोकतोय :
एक, बे, त्रण.
‘बे’ला अडत नाही.
तो पाढ्यातच होता आपल्या, बे एके बे,
आपण कधी विचारलं नाही कुठून आला.

शनिवारी बिंदेश्वर घरी आला, न बोलावता.
चहा घेतला, बशीत ओतून.
दोन कुलपं न्या, म्हणाला, एक आतून लावायला.
उशी घरचीच न्या.
खोलीवाल्याला पहिल्याच दिवशी सगळं खरं सांगू नका.
आणि बसमध्ये फोनवर
आपल्या भाषेत मोठ्यानं बोलायचं नाही.
किती दिवस, प्रल्हादनं विचारलं.
बिंदेश्वरनं बोटांवर काहीतरी मोजलं,
मग हात मिटला.

त्याचा अर्ज उघडून बसलेय.
‘नोकरी’ लिहिलं तर खोटं नाही ते.
आतून तो विचारतोय, झालं का गं?
बाण दाबलाय. चारही शब्द लोंबतायत.